नुसतं भिजणं

अकराव्या रविवारी डॉयल बाकावरून उठला तेव्हा त्याच्या बायकोने, नेल्डाने, त्याच्या कोटाचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. काही उपयोग झाला नाही. साठीला टेकला तरी तो फुटबॉलवाला डॉयल स्पर्लिन होता. कोट हातातून सुटला आणि तो मधल्या वाटेवर आला.

पिनी फोर्कच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये उपासना अशी नुसती संपत नाही. प्रवचन झालं की आवाहनाचं गीत लागतं, पाळक खाली उतरून हात पसरून उभा राहतो, आणि ज्याला कुणाला तारण हवं असेल त्याने सगळ्या गावादेखत चालत पुढे जायचं. माणूस आयुष्यात एकदा जातो. दारू सोडली, बायको परत आली, असं काही झालं तर फार तर दुसऱ्यांदा. डॉयलचा फोटो अलाबामातल्या निम्म्या न्हाव्यांनी येशूच्या तसबिरीशेजारी लावलेला होता, आणि तो लागोपाठ अकरा रविवार जात होता.

पहिल्या दोन-तीन रविवारी बायकांनी रुमाल काढले होते. आता पुढच्या बाकावरची मिसेस क्रमली पर्समध्ये गाडीच्या किल्ल्या शोधत होती. मागे बसलेली पोरं बोटांवर मोजत होती आणि त्यांच्या आया त्यांना चिमटे काढत होत्या. नेल्डाने मान खाली घातली नाही. मान खाली घालायचं तिने पाचव्या रविवारी सोडून दिलं होतं.

समोर लोनी उभा होता. डॉयलचा धाकटा भाऊ आणि या चर्चचा पाळक. सगळं गाव त्याला ब्रदर लोनी म्हणे. खराखुरा ब्रदर तो एकट्या डॉयलचा. डॉयलने वाकून त्याच्या कानाला तोंड लावलं. चार शब्द, फार तर सहा. लोनी हसला, त्याने भावाची पाठ थोपटली आणि माइक तोंडाशी घेतला.

"आपले ब्रदर डॉयल आज पुन्हा एकदा आपलं जीवन प्रभूला वाहायला आलेत. आमेन म्हणा!"

आमेन झालं, पण पातळ. डॉयल परत येऊन तिच्याशेजारी बसला. रांगेत तासभर उभं राहून खिडकीपाशी पोचावं आणि खिडकी बंद व्हावी, तसा त्याचा चेहरा होता. प्रभूला जीवन वाहून आलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, एवढं नेल्डाला कळत होतं.

रविवारचं जेवण मिस यूलाकडे. सदतीस वर्षं सून म्हणून त्या घरात जेवूनसुद्धा नेल्डा सासूला 'मिस यूला'च म्हणत आली होती. त्याहून जवळचं काही म्हणायचं म्हातारीने कधी सुचवलं नाही. टेबलावर रोस्ट, बटरबीन्स, कॉर्नब्रेड, गोड थंड चहाचा जग. डॉयलचं जेवण लवकर उरकून त्याला पलीकडच्या खोलीत टीव्हीसमोर बसवलं होतं. मॅच चालू होती. गर्दी ओरडली की तोही तिकडून 'हाण!' म्हणून ओरडे.

"पुढच्या रविवारचं बोलायला हवं," लोनी म्हणाला.

 सगळ्यांना माहीत होतं की हेच बोलायला आज लोनीने बायकोला बहिणीकडे धाडलंय आणि केन्ड्राला मुद्दाम हंट्सव्हिलहून बोलावलंय. केन्ड्रा डॉयलची एकुलती एक लेक. बापाच्या नावाचं फुटबॉल आणि बायबल शिबिर चालवायची; आजही तिच्या अंगात तोच शर्ट होता, छातीवर गुडघ्यावर बसलेल्या खेळाडूची काळी आकृती.

"होमकमिंग आहे, नेल्डा. त्यातून चर्चचं शंभरावं वर्ष. गाव सोडून गेलेले झाडून सगळे येणार. माँटगोमेरीहून दोन बस भरून येतायत. डॉयलची साक्ष पडद्यावर दाखवायची आहे, एक्क्याऐंशी सालची. लोक ढसाढसा रडणारेत. आणि त्यानंतर तो स्वतः उठून तरातरा पुढे आला तर..."

"तर काय?"

"तर काय वाटेल लोकांना?"

"त्याला पुढे यायचंय असं वाटेल."

"मी इतकंच म्हणतोय, गीताच्या आधी तू त्याला जरा बाहेर ने. बाथरूमला म्हणून. दहा मिनिटं."

"काका, डॅडी म्हणजे काय कुत्रा आहेत का?" केन्ड्रा फणकारली. "लोक येणार त्यांना बघायला आणि आपण त्यांना मागल्या दारी बांधून ठेवायचं?"

नेल्डाने लेकीकडे कौतुकाने पाहिलं. हे कौतुक पुढे अर्धा तासही टिकायचं नव्हतं.

"तो तुझ्या कानात काय सांगतो, लोनी?" तिने विचारलं.

लोनी कॉर्नब्रेडला लोणी लावू लागला. "प्रार्थना मागतो."

"कशासाठी?"

"असंच. मनाला शांती मिळावी म्हणून."

"अकरा वेळा?"

"अगं, आधीचं आठवत नाही त्याला. तुला का माहीत नाही? परवा मला त्याने दोनदा हॅलो केलं, पाच मिनिटांत."

"पण शब्द तेच असतात. मी मोजते. तेवढाच वेळ, तेवढेच शब्द. ज्याला काही आठवत नाही त्याला तेवढंच कसं आठवतं?"

तेव्हा मिस यूलाने बीन्सचं भांडं पुढे सरकवलं आणि मीठ मागावं इतक्या सहज म्हणाली, "अजून ते भिजल्याचंच धरून बसलाय का पोरगा?"

लोनीचा सुरीचा हात थांबला. "आई, तू जेव बघू."

"जेवतेच आहे."

"कसलं भिजणं?" नेल्डाने विचारलं.

"काही नाही गं, म्हातारपणी आई काहीतरी..."

"मी म्हातारी आहे, लोनी, खुळी नाही. खुळा तो पलीकडे बसलाय." मिस यूलाने काटा खाली ठेवला. ब्याऐंशीव्या वर्षी तिच्या आवाजात कंप नव्हता. नवरा मेल्यापासून तर तो उलट खणखणीत झाला होता. "ह्यूबर्ट म्हणाला होता, विषय पुन्हा काढायचा नाही. तो जाऊन एकोणीस वर्षं झाली. आता मी कुणाला भिऊ?"

जेवणाच्या टेबलासमोर, कपाटाच्या वर, तो फोटो होता. तो नाही असं एकही घर या गावात नव्हतं. एक्क्याऐंशीच्या जानेवारीतली न्यू ऑर्लिन्सची फायनल, एकोणीस सेकंद उरलेले, संघ चार गुणांनी मागे. मैदानाच्या मधोमध क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा डॉयल, एका गुडघ्यावर, हेल्मेट शेजारी, कपाळ हातावर. पुढच्याच चेंडूला त्याने पंचेचाळीस यार्ड लांब फेक करून सामना जिंकून दिला होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक गुडघा टेकतो तो जिंकत आलेला खेळ आणखी न खेळता संपवायला. हरत असताना कुणी टेकत नाही. म्हणून तर देशभर बोभाटा झाला: हा पोरगा प्रार्थना करत होता. त्याच क्षणी, त्याच गवतावर डॉयल स्पर्लिनला तारण मिळालं होतं, आणि नंतरची सगळी वर्षं तो ही साक्ष देत देश फिरला होता.

"गुडघा टेकला नव्हता त्याने," मिस यूला म्हणाली. "गुडघा गेला होता. आधीच्या खेळीत त्या दोन धटिंगणांनी त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. आंधळा झाला होता पोर दोन मिनिटं."

"आजी!"

"मी होते तिथे, केन्ड्रा. तू नव्हतीस. सामना झाल्यावर आम्हाला आत सोडलं. एक बातमीदार विचारतोय, तिथे काय करत होतास म्हणून. हा माझ्याकडे बघतो नि विचारतो, आई, आपण जिंकलो का? जिंकलो का म्हणे! ह्यूबर्टने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बातमीदाराला सांगितलं, तो प्रभूशी बोलत होता. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच."

"का पण?" नेल्डाने विचारलं.

"का म्हणजे? वरच्या संघांची माणसं बसली होती तिथे वह्या घेऊन. डोकं हललेलं पोरगं कोण घेतंय? प्रार्थना करणारं घेतात." म्हातारीने चहाचा घोट घेतला. "ती साक्ष ह्यूबर्टने याच टेबलावर लिहिली. मी टाइप केली. 'गवताचा वास' हे माझं वाक्य आहे."

नेल्डाला आधी राग आला तो सासूचा नाही, सासऱ्याचाही नाही. डॉयलचा आला. गॅड्सडेनच्या मेळाव्यात एकोणीस वर्षांची ती तिसऱ्या रांगेत बसून ती साक्ष ऐकत होती. त्या साक्षीवर तिने लग्न केलं होतं. एवढी वर्षं तो तिच्या उशीशेजारी झोपला, दोनशे गावांत हातात माइक घेऊन उभा राहिला, आणि हे तिला सांगावं असं त्याला एकदाही वाटलं नाही. त्याला लाज वाटत असेल, हा विचार तिला पुष्कळ नंतर सुचला.

"आणि भिजणं?" तिने लोनीकडे वळून विचारलं. "सांग आता. तुझ्या तोंडाने सांग."

लोनीने कॉलर सैल केली. "तो म्हणतो, लोनी, मी नुसता भिजलोय. या वेळी खरं कर."

पलीकडे टीव्हीवरची गर्दी ओरडली. डॉयल मात्र या वेळी ओरडला नाही.

आधी विश्वास, मग पाणी. पिनी फोर्कमधल्या सात वर्षांच्या पोरालाही हे पाठ असतं. मनात विश्वास नसताना चर्चच्या हौदात बुडी मारली तर तो बाप्तिस्मा नव्हे. माणूस कोरडा आत गेला आणि ओला बाहेर आला, इतकंच. डॉयलचा बाप्तिस्मा त्या फेब्रुवारीत झाला होता, तीन टीव्हीवाल्यांच्या दिव्यांच्या उजेडात.

"आणि यावर तू काय म्हणतोस त्याला?"

"मी म्हणतो, प्रभूचं प्रेम आहे तुझ्यावर डॉयल, जा, बस."

"जा, बस?"

"मग काय म्हणू? नेल्डा, तो आजारी आहे. आजार बोलतोय तो."

"आजार आत्ताचं पुसतो, लोनी, जुनं नाही. आत्ता जे शिल्लक आहे ते सगळं जुनंच आहे. आणि तुझी आई? तिला काय झालंय?"

"मला सांधेदुखी आहे," मिस यूला म्हणाली.

"चर्चमध्ये तुझ्या पाठीमागेच हौद आहे. पडदा ओढला की हौद. तो मागतोय, तर दे त्याला. किती वेळ लागतो?"

"आणि मंडळीला काय सांगू?" लोनी आता उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण डोळ्यांत भीती होती. "की इतकी वर्षं तुम्ही ऐकत होता ते थापा होत्या? त्याची साक्ष ऐकून चार हजारांवर माणसं पुढे आली आहेत. त्यातले तिघं पाळक झाले. त्या तिघांतला एक मी आहे, नेल्डा! सतरा वर्षांचा होतो. माझा भाऊ तिथे उभा राहून बोलत होता आणि मला वाटलं, देव याला भेटला तर मलाही भेटेल. माझं सगळं त्याच्यावर उभं आहे."

"तुझं तुझ्यापाशी खरं असेल तर ते त्याच्यावर कशाला उभं असायला हवं?"

लोनी परत खुर्चीत बसला. बोलली ती केन्ड्रा, शर्टाच्या कडेशी चाळा करत.

"मम्मी, मी नऊ वर्षांची होते. डॅडींची साक्ष ऐकूनच पुढे गेले होते." तिचे डोळे भरले होते. "काका म्हणतो ते अगदीच चूक नाहीये. डॅडींना आता काही समजत नाही. आपण त्यांच्या बोलण्यावर... म्हणजे शिबिरात दोनशे मुलं येतात गं. त्यांना मी काय सांगू?"

"आत्ता तर म्हणत होतीस, कुत्र्यासारखं बांधून ठेवू नका."

"बाहेर नका नेऊ. पण पुढेही जाऊ देऊ नका. धरून ठेव ना त्यांना."

पारडं फिरलं ते असं. नेल्डाने एकेकाकडे पाहिलं. सासूने खरं सांगितलं होतं, पण ते खरं कुणाच्या उपयोगी पडावं अशी तिची बिलकूल इच्छा दिसत नव्हती. ती पुडिंगच्या वाट्या मांडत होती.

"लोनी, ऐक," नेल्डा हळू आवाजात म्हणाली. "बर्मिंगहॅमचा डॉक्टर म्हणालाय, ख्रिसमसपर्यंत त्याचे शब्द जातील. तू तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नाहीस. का देत नाहीस?"

"नेल्डा..."

"का?"

"त्यांना मागता येत नाही म्हणून."

"स्वतःच्या तोंडाने मागावं लागतं म्हणून. तूच शिकवतोस. शब्द गेल्यावर तो कशाने मागेल? आणि न मागताच गेला तर कुठे जाईल, सांग मला. तू पाळक आहेस."

 पिनी फोर्कमध्ये हा प्रश्न मेलेल्या दारुड्यांबद्दल दबक्या आवाजात विचारतात. डॉयल स्पर्लिनबद्दल तो कुणी विचारला नव्हता.

इतक्यात डॉयल स्वतःच दारात आला, कॉलरमध्ये नॅपकिन खोचलेला तसाच. टेबलाकडे न बघता तो सरळ फोटोपाशी गेला, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिला.

"लागलंय त्याला," तो म्हणाला. "कुणी उचलत का नाहीये?"

केन्ड्रा उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून नळ सोडल्याचा आवाज आला. लोनी पोर्चवर गेला आणि नेल्डा त्याच्या मागोमाग.

"सोमवारी," लोनी रस्त्याकडे बघत म्हणाला. "होमकमिंग होऊन जाऊ दे. सोमवारी संध्याकाळी मी हौद भरतो. फक्त आपण चौघं. मी त्याला विचारीन, तो सांगेल, आणि मी करीन. देवाशपथ. पण रविवारी तू त्याला बाकावर धरून ठेवायचंस."

"पाळक शपथा घेत नाहीत."

"भाऊ घेतात."

त्याने हात पुढे केला. नेल्डाने तो हातात घेतला. अकरा रविवार आणि बारा रविवार यांत काय मोठा फरक, असं तिने स्वतःला समजावलं. नंतर ती लोनीला जेवढा दोष देई तेवढाच स्वतःच्या त्या हाताला देई.

होमकमिंगला चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर अक्रोडाच्या झाडांखाली लांबच लांब टेबलं मांडली होती आणि खिडक्यांतून तळलेल्या चिकनचा वास आत येत होता. नेल्डाने डॉयलला भिंतीकडेला बसवलं, पलीकडे वाटेच्या बाजूला केन्ड्रा, मध्ये स्वतः. त्या दिवशी तो चांगला होता. सकाळी त्याने टायची गाठ स्वतः मारली होती. त्याच आठवड्यात, गुरुवारी, त्याचे बूट फ्रीजमध्ये सापडले होते.

दिवे मंद झाले आणि पडद्यावर एकवीस वर्षांचा डॉयल आला. दाट केस, रुंद जबडा, लाजरं हसू. नेल्डाला तो इतका देखणा वाटला की तिला त्याची घृणा आली. खरा डॉयल पडद्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते, पडद्याबरोबर, एक शब्दही मागेपुढे न होता. आजूबाजूला सगळे रडत होते. मिस यूला रडत नव्हती. 'गवताचा वास' आला तेव्हा तिने मान किंचित हलवली.

मग लोनीचं प्रवचन. नेल्डाने डॉयलचा दंड पकडून ठेवला. लोनीने बायबल मिटलं, ऑर्गनवर बसलेल्या बाईकडे पाहिलं, आणि ती पुस्तक उघडते आहे तोवर हात वर केला.

"मंडळी, चिकन गार होतंय आणि बायकांनी पहाटेपासून कष्ट केलेत. आपण डोकी वाकवू, आभार मानू, आणि जेवायला जाऊ."

आवाहन नाही. शंभर वर्षांत पुरात नाही, युद्धात नाही, ह्यूबर्ट स्पर्लिनच्या मयतीला नाही, असं कधी झालं नव्हतं. चर्चचा म्हातारा कारभारी, डीकन ओटिस क्रमली, गीताचा आकडा शोधत तसाच उभा राहिला. पण भूक सगळ्यांना लागली होती, आणि विचारायचं कुणी? आमेन झाल्याबरोबर बाकं वाजली. लोनीने नेल्डाचीही गरज ठेवली नव्हती. हात मिळवून झाल्यावर त्याने स्वतःपुरती आणखी एक तजवीज करून ठेवली होती, इतकंच.

डॉयल उभा राहिला. लोक येत होते, त्याची पाठ थोपटत होते, त्याला मध्ये घेऊन फोटो काढत होते. तो सगळ्यांना हसून दाखवत होता आणि त्यांच्या डोक्यांवरून पुढे बघत होता. केन्ड्रा माँटगोमेरीच्या पाहुण्यांना घेऊन बाहेर गेली. मिस यूलाला दोघांनी धरून नेलं. चर्च रिकामं झालं.

"गाणं कधी लागणार?" डॉयलने विचारलं.

"आज नाही, डॉयल. उद्या."

"मला लोनीला सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते. महिन्यातून एखाद्या वेळी असायचे तसे. "ते लोनीला सांगायचंय," तो म्हणाला. "तिथे पुढे."

उद्या सोमवार होता हे खरं. पण उद्या हे डोळे असतील की बूट फ्रीजमध्ये असतील, कुणी सांगावं? नेल्डाने विचार केला: माणूस आणि देव यांच्यामध्ये पाद्री लागत नाही, याच एका गोष्टीवरून तर आपल्या वाडवडिलांनी सगळ्या जगाशी भांडण घेतलं. मग लोनीच कशाला हवा? तिने डॉयलचा हात धरला आणि त्याला मधल्या वाटेने चालवत पुढे नेलं. पुढे पोचल्यावर तो हात सोडून, वळून, ती लोनी उभा राहतो तिथे उभी राहिली. 

"डॉयल," ती म्हणाली, "आज कशासाठी पुढे आलास?"

 त्याचे ओठ हलले. नेल्डाने श्वास रोखून कान पुढे केला.

मग त्याने खांदे मागे घेतले आणि छाती ताठ केली. चेहऱ्यावर ते हसू आलं, लाजरं, देखणं, घटकाभरापूर्वी पडद्यावर बघितलेलं.

"जानेवारीतली ती दुपार होती," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "एकोणीस सेकंद उरले होते. आम्ही चार गुणांनी मागे होतो. माझ्याजवळचं सगळं संपलं होतं."

"डॉयल, हे नको. लोनीला सांगतोस ते सांग. भिजल्याचं सांग."

"तेव्हा मी गुडघा टेकला. नाकात गवताचा वास होता, आणि मी म्हणालो, प्रभू, आजवर मी स्वतःच्या बळावर खेळलो..."

"तू नव्हता टेकलास! डॉयल, माझ्याकडे बघ. मला सांग ना. मी ऐकते आहे. मी विचारते आहे ना!" तिने त्याचे दोन्ही दंड धरून हलवले. तो थांबला, टाळ्या ओसरण्याची वाट बघावी तसा हसत थांबला, आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे बोलू लागला.

त्याने सगळं म्हटलं. रिकाम्या बाकांकडे बघत, योग्य जागी आवाज खाली आणत, योग्य जागी हात छातीवर ठेवत. एक शब्द चुकला नाही. नेल्डाला कळून चुकलं की अकरा रविवार जे खरं वर येत होतं ते कुणी हातात घेतलं नाही, आणि आज पडद्याने त्यावर पुन्हा माती लोटली.  लोनीला हाक मारावी आणि त्याचा गळा धरावा असं तिला वाटलं.

लोनी मागच्या दारात उभाच होता. हातात कागदी प्लेट, तिच्यावर कोंबडीची तंगडी. त्याचे डोळे पाण्याने भरले होते.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "शब्दन्‌शब्द आहे त्याच्यापाशी. मी म्हणत होतो ना तुला? विश्वास कुठे जात नाही, नेल्डा. स्वतःच्या तोंडाने बोललाय." सुटका झालेल्या माणसासारखा त्याने लांब श्वास सोडला. "मग उद्याचं आता... म्हणजे गरजच उरली नाही. ओटिसला सांगतो, हौदाचा नळ सोडू नको."

आणि तो खरोखरच सांगायला गेला.

डॉयलचं बोलणं संपत आलं होतं. शेवटी तो नेहमी खाली उतरून समोरच्या एखाद्या अनोळखी माणसाचा हात हातात घेई. त्याने नेल्डाचा हात आपल्या दोन्ही रुंद हातांत घेतला, वाकून तिच्या डोळ्यांत पाहिलं. किती मायाळू होते ते डोळे.

"आणि बाई, तुमचं काय?" त्याने विचारलं. "तुम्ही येशूला ओळखता का?"

"ओळखत होते," नेल्डा म्हणाली.

"छान. फार छान," म्हणत त्याने तिचा हात सोडला आणि तो कोटाच्या खिशात सहीसाठी पेन शोधू लागला. "कुणाच्या नावाने लिहू?"